चाळीसगावचा प्रकाशयात्री

भुसावळहून मुंबईकडे निघालेली गाडी जळगाव, पाचोरा मागे टाकत चाळीसगावला येते. धुळ्याचा फाटा जिथे मुख्य लोहमार्गाला मिळतो, त्या या जंक्शनच्या गावात, स्थानकापासून हाकेच्या अंतरावर एक जुने घर आहे. देशविदेशात नावाजलेल्या एका छायाचित्रकाराने या घरात सुमारे पाच दशके स्वतःला जणू कोंडून घेतले होते. खानदेश ज्यांना कलामहर्षी म्हणून ओळखतो, ते हे केकी मूस.

कैखुश्रू माणेकजी मूस यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकल्यानंतर ते कमर्शियल आर्टच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तिथेच कॅमेऱ्याने त्यांना झपाटले. १९३८च्या सुमारास ते मायदेशी परतले. मुंबईत स्टुडिओ थाटून पैसा आणि कीर्ती मिळवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी मात्र चाळीसगावची वाट धरली. आपल्या घराला त्यांनी रेम्ब्रांचे नाव दिले. अंधारातून उमलणारा प्रकाश रंगवणाऱ्या त्या डच चित्रकाराला त्यांनी मनोमन गुरू मानले होते.

तो काळ छायाचित्रणातील मोठ्या उलथापालथीचा होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणार्धात लकाकणाऱ्या दिव्याने गती पकडण्याचे प्रयोग १९३१च्या सुमारास आरंभले होते. स्टुडिओत काळा पडदा लावायचा, अंधार करायचा, शटर उघडे ठेवायचे आणि नर्तकी वा खेळाडू हालचाल करीत असताना ठरावीक अंतराने फ्लॅश उडवायचा. प्रत्येक लकाकीसरशी शरीराची एकेक स्थिती त्याच फिल्मवर उमटते आणि उचललेला हात पंख्याच्या पात्यांसारखा उलगडत जातो. हात वेगाने फिरला की प्रतिमा विरळ होतात, मंदावला की दाटतात. पडदा पुरता काळा नसेल, तर प्रत्येक फ्लॅशगणिक त्याचाही उजेड साचत जातो आणि चित्र फिकटते. एजर्टन यांच्याकडून हे तंत्र उचलून ग्यॉन मिली यांनी त्याला कलेचे रूप दिले.

मूस यांची वाट नेमकी उलट दिशेची होती. धावते जग थांबवण्याऐवजी, थांबलेल्या वस्तूंमधून त्यांनी जग उभे केले. टेबल टॉप छायाचित्रण हा त्यांचा खास प्रांत. या प्रकारात खोलीतल्या टेबलावर घरगुती वस्तूंचा देखावा रचायचा आणि तो खऱ्याखुऱ्या निसर्गासारखा दिसेल अशा बेताने टिपायचा असतो. पीठ वा मीठ पसरले की बर्फ होतो, वाळकी काटकी पर्णहीन वृक्ष होते, कापसाचे ढग होतात. पण मापात जराशी चूक झाली, तर काटकी ही काटकीच दिसते. म्हणून कॅमेरा त्या इवल्याशा जगातील माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणावा लागतो; भिंगाचे छिद्र बारीक करून पुढचे आणि मागचे सारेच स्पष्ट ठेवावे लागते. छिद्र बारीक केले की प्रकाश कमी पडतो आणि शटर दीर्घकाळ उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ देखाव्यातील काहीही हलता कामा नये. तिथे वाऱ्याचा भास द्यायचा, तर तो फांद्यांच्या झुकावातून आणि तिरप्या सावल्यांतूनच द्यावा लागतो. या साधनेला लागणारी सवड आणि निवांतपणा चाळीसगावच्या त्या घरात मुबलक होता. पुढे त्यांच्या छायाचित्रांना शेकडो पारितोषिके मिळाली. चित्रकला, शिल्प, काष्ठकाम, कागदकाम, सतार यांतही ते रमले. साहित्य, संगीत आणि समाजकारणातील अनेक नामवंत त्यांना भेटायला त्या घरी आले. मूस स्वतः मात्र अगदी मोजक्या प्रसंगीच उंबऱ्याबाहेर पडले.

त्यांच्या या एकांताची एक कहाणी खानदेशात घरोघरी सांगितली जाते. मुंबईतील प्रेयसीने पंजाब मेलने येण्याचे वचन दिले होते. म्हणून ती गाडी येण्याच्या वेळी ते रोज दारे-खिडक्या उघडून, दिवे लावून, दोघांचे जेवण मांडून वाट पाहत, अशी ही कथा. योगायोग असा, की पंजाब मेलही १९१२ सालीच सुरू झालेली. कथा हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. परंतु तिने या कलावंतावर एक अन्यायही केला आहे. मूस यांचे नाव काढताच लोकांना न आलेली प्रेयसी आठवते, टेबलावर उभे केलेले विश्व आठवत नाही. विरहाने माणूस दाराशी खिळून राहू शकेल. पण पन्नास वर्षे नित्यनेमाने प्रकाशाचा अभ्यास करण्यासाठी विरह पुरत नाही, त्याला कलेची निष्ठाच लागते.

३१ डिसेंबर १९८९ रोजी मूस यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ४ जानेवारी १९९० रोजी, एजर्टनही गेले. एकाने क्षणाचे तुकडे करून गती दाखवली, दुसऱ्याने क्षण लांबवून निश्चलतेत प्राण फुंकले. पहिल्याच्या मागे जगविख्यात संस्था होती. दुसऱ्याच्या हाताशी एक खोली, एक टेबल आणि अपार धीर होता.

त्यांच्या घराचे पुढे कलादालन झाले. चाळीसगावला उतरणाऱ्याने तिथे जरूर जावे. प्रेमकथा आपण जाण्याआधीच ऐकलेली असते. छायाचित्रांसमोर मात्र थोडा वेळ उभे राहावे लागते.