वकिली सोडून समुद्रतळाचा गाळ चाळणारा माणूस : जॉन ग्विन जेफ्रीज

तुमच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा एक शंख ठेवला. आत प्राणी नाही, नुसतं कवच. आता सांगा, ही गोगलगाय नवीन प्रजातीची की आधीच माहीत असलेल्या एखाद्या गोगलगायीचं पिल्लू? एकोणिसाव्या शतकात एक वकीलसाहेब असे शेकडो शंख घेऊन बसले होते.

जॉन ग्विन जेफ्रीज यांचा जन्म १८०९ साली वेल्समधल्या स्वान्सीचा. पेशा वकिलीचा, पण नाद शंख-शिंपल्यांचा. सवड मिळाली की 'ऑस्प्रे' नावाच्या नौकेतून थेट शेटलंड बेटांकडे. १८६६ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि १८६९ पर्यंत ब्रिटनच्या शंख-शिंपल्यांवरचा पाच खंडांचा ग्रंथही पूर्ण केला. एखाद्याने इथे आराम केला असता!

पण त्या काळात एक वाद चालू होता. एडवर्ड फोर्ब्ज यांचं म्हणणं होतं की ३०० फॅदमच्या, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली समुद्रात जीवसृष्टी नसावी. हे तपासायला १८६९ मध्ये 'पॉर्क्युपाइन' जहाज निघालं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या पहिल्या फेरीची जबाबदारी साठीतल्या जेफ्रीज यांच्यावर होती.

काम कसं चालायचं? लोखंडी चौकट, तिला मागे जाळीची पिशवी आणि मैलभराहून लांब दोर. तळ खरवडायचा, पिशवी वर ओढायची, चिखल चाळण्यांतून धुवायचा आणि उरलेल्या कणांतून शंख वेचायचे. तांदळातले खडे निवडावेत तसं, फक्त डोलणाऱ्या जहाजावर! सुमारे १४७६ फॅदमवरूनही, म्हणजे २७०० मीटर खोलीवरून, जीव वर आले.

खरी डोकेदुखी पुढे होती. रिकामा शंख उथळ पाण्यातून वाहत आलेला असू शकतो. पिल्लाचा शंख मोठ्या गोगलगायीच्या शंखापेक्षा इतका वेगळा दिसतो की दोन प्रजाती वाटाव्यात. त्यामुळे वेटोळी मोजायची, तोंडाचा काठ बघायचा आणि टोकावरचं अगदी पहिलं वेटोळं भिंगाखाली न्याहाळायचं. ते पिल्लूपणीचं असतं, त्यातून बरंच कळतं. आणखी एक घोळ म्हणजे सिसिलीच्या खडकांत फक्त जीवाश्म म्हणून सापडलेल्या काही प्रजाती जेफ्रीज यांना समुद्रतळाशी चक्क जिवंत मिळत होत्या. म्हणजे 'नवीन' म्हणण्याआधी जीवाश्मही धुंडाळायला हवेत.

ते जीवाश्म अभ्यासणारे इटालियन शास्त्रज्ञ होते ज्युसेप्पे सेग्वेंझा. १८७५ मध्ये 'व्हॅलोरस' जहाजातून ग्रीनलंडकडे गेल्यावर जेफ्रीज यांना काही मिलिमीटरचा एक देखणा शंख मिळाला. आतून मोत्यासारखी चमक, काठाला खोल खाचा. १८७६ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं 'सेग्वेंझिया फॉर्मोसा'. नाव टिकलं, पण तिचे नातेवाईक कोण हे शंखावरून ठरेना. १८८४ मध्ये अमेरिकेच्या व्हेरिल यांनी तिला स्वतंत्र कुळ दिलं. पुढे शतकभराने शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर ती गोगलगायींच्या एका फार जुन्या शाखेत जाऊन बसली. जेफ्रीज यांना यातलं काहीच हाताशी नव्हतं, हे लक्षात घेतलं तर त्यांची नजर किती तयार होती ते कळतं.

जाता जाता, त्यांची मुलगी ज्यांना दिली ते मोझ्ली 'चॅलेंजर' मोहिमेवरचे निसर्गशास्त्रज्ञ, आणि नातू म्हणजे अणुक्रमांकाचं कोडं सोडवणारा हेन्री मोझ्ली. आजोबांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन वर्षांनी तो जन्मला.

'पॉर्क्युपाइन'च्या शंखांवरचे लेख जेफ्रीज १८७८ पासून लिहीत होते. जानेवारी १८८५ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धवटच होतं. त्यांचा संग्रह त्याआधीच वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने विकत घेतला होता. त्यांनी नावं दिलेल्या समुद्री प्रजातींचे मूळ नमुने नेमके कुठे आहेत, याची यादी स्वीडनच्या अँडर्स वॉरेन यांनी १९८० मध्ये छापली. आजही अटलांटिकच्या तळातून एखादा बारीक अनोळखी शंख वर आला, तर अभ्यासकाला तो जेफ्रीज यांच्या नमुन्यांशी ताडून बघावा लागतो.