ताणाला नाव देणारा माणूस

छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही, पोट सतत बिघडलेले असते. कारण विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले : टेन्शन! हे उत्तर आपल्या तोंडी इतके रुळले आहे की, नव्वद वर्षांपूर्वी वैद्यकात ही संकल्पना रूढच नव्हती, यावर विश्वास बसत नाही. ती रूढ केली हान्स सेल्ये या संशोधकाने. त्यांचे आयुष्य पाहिले की ताण म्हणजे काय, हे कळते. ताणाच्या नावाखाली आपण स्वतःची फसवणूक कशी करून घेतो, तेही कळते.

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नात झाला. वडील हंगेरियन, लष्करात डॉक्टर, आई ऑस्ट्रियन. बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम गावात गेले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि नदीच्या दोन काठांवरचे हे गाव दोन देशांत विभागले गेले. हान्स वैद्यकीय शिक्षणासाठी प्रागच्या जर्मन विद्यापीठात गेला.

तिथल्या एका तासाला प्राध्यापकांनी वेगवेगळ्या संसर्गांचे काही रुग्ण विद्यार्थ्यांपुढे आणले. प्रत्येकाचा आजार कोणत्या खास लक्षणावरून ओळखायचा, हे ते शिकवत होते. हान्सला मात्र दिसत होते ते सगळ्यांत सारखे असलेले. प्रत्येकाची भूक गेलेली, अंग दुखणारे, अंगात कणकण, चेहरा उतरलेला. आजार वेगळे, पण आजारी माणूस एकसारखाच कसा दिसतो? प्रश्न इतका साधा होता की तो विचारायचे कोणाला सुचत नव्हते.

उंदरांनी दिलेले उत्तर

१९२९ मध्ये वैद्यकीची आणि पाठोपाठ रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून सेल्ये १९३१ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले आणि पुढच्याच वर्षी कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाले. त्यांना नवे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, शोधायचे होते. गाईंच्या बीजांडकोशाचा अर्क ते उंदरांना टोचत. अर्क टोचलेल्या उंदरांमध्ये तीन बदल दिसले. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसली आणि जठर व आतड्यात व्रण पडले.

नवे हॉर्मोन हाती लागले, असे वाटून तरुण सेल्ये हरखून गेले. पण दुसऱ्या अवयवांचे अर्क टोचले, तरी तेच तीन बदल. शेवटी त्यांनी फॉर्मेलिनसारखे दाहक रसायन टोचून पाहिले. तरीही तेच! नव्या हॉर्मोनचे स्वप्न संपले. अनेकांनी इथे वही मिटली असती. सेल्ये यांना मात्र प्रागचा तो वर्ग आठवला. त्यांनी उंदरांना कडाक्याच्या थंडीत ठेवले, दमेपर्यंत पळवले. कारण कोणतेही असो, शरीराची प्रतिक्रिया एकच होती. ४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी त्यांचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता. तो त्यांनी नंतर रूढ केला.

शब्दाची निवडही थोडी चुकलीच. भौतिकशास्त्रात ‘स्ट्रेस’ म्हणजे वस्तूवर पडणारे बल आणि ‘स्ट्रेन’ म्हणजे त्या बलाने वस्तूत होणारा बदल. सेल्ये यांना अभिप्रेत होता तो दुसरा अर्थ. इंग्रजी ही काही त्यांची मातृभाषा नव्हती. चूक त्यांनी पुढे मान्य केली, पण तोवर शब्द जगभर गेला होता.

शरीरात काय घडते?

धोका दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी आधीच दाखवले होते. सेल्ये यांनी त्यापुढची गोष्ट सांगितली. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी ॲड्रिनलला, आणि ॲड्रिनल कॉर्टिसोल हे हॉर्मोन रक्तात सोडते. रक्तातील साखर वाढते, ऊर्जा तातडीच्या कामाकडे वळते. सेल्ये यांनी याचे तीन टप्पे मांडले. आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून कोसळणे.

परीक्षेपूर्वीची धडधड हा आजार नव्हे. तास-दोन तासांत ही यंत्रणा शांत झाली तर ती आपली रक्षकच. महिनोन् महिने चालू राहिली, तर मात्र रक्तदाब, झोप, साखर, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर तिचा भार पडतो. म्हणून सेल्ये हितकारक आणि अपायकारक असा ताणाचा भेद करू लागले. काही माणसे शर्यतीच्या घोड्यासारखी असतात, काही कासवासारखी. आपली चाल ओळखून जगावे, असे ते सांगत.

त्यांच्या सिद्धांताला दुरुस्तीही लागली. जॉन मेसन यांनी माकडांवर प्रयोग केले. उपाशी माकडांना पोषण नसलेले, पण नेहमीसारखे दिसणारे खाणे दिले आणि त्यांची अस्वस्थता टाळली, तर उपास असूनही ताणाचे हॉर्मोन फारसे वाढले नाही. म्हणजे केवळ शारीरिक त्रासाने नव्हे, तर मन त्या त्रासाचा काय अर्थ लावते, यानेही ताण ठरतो.

यश आणि एक डाग

१९४५ पासून सेल्ये मॉन्ट्रियल विद्यापीठात स्वतःची संशोधन संस्था चालवू लागले. पहाटे उठणे, पोहणे, सायकलने कामावर जाणे आणि दिवसभर राबणे हा त्यांचा शिरस्ता होता. हजाराहून अधिक शोधनिबंध आणि डझनावारी पुस्तके त्यांनी लिहिली. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. १९५६ मध्ये त्यांचे सामान्य वाचकांसाठीचे गाजलेले पुस्तक आले. त्याच वर्षी हंगेरीतील उठावात त्यांची आई गोळीबारात मारली गेली.

मोठी संस्था चालवायला पैसा लागतो. तो त्यांनी तंबाखू उद्योगाकडूनही घेतला. सिगारेटमुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, असा अमेरिकी सरकारचा अहवाल १९६४ मध्येच आला होता. तरीही सेल्ये यांनी १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीपुढे तंबाखू कंपन्यांना सोयीची साक्ष दिली. आजारांच्या मुळाशी ताण आहे आणि धूम्रपानाने तो हलका होऊ शकतो, असा त्यांचा सूर होता. कंपन्यांना हेच हवे होते. दोष सिगारेटचा नाही, टेन्शनचा! हा व्यवहार किती खोल होता, ते त्यांच्या मृत्यूनंतर कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाल्यावर उघड झाले.

डोके हलके करायला एक झुरका किंवा चिमूटभर तंबाखू, हा समज आजही आपल्या अवतीभवती आहे. प्रत्यक्षात निकोटिनची पातळी उतरली की बेचैनी होते आणि पुढचा झुरका फक्त तीच बेचैनी मिटवतो. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता काही आठवड्यांनंतर वाढत नाही, उलट कमी होते, असे अभ्यासांतून दिसले आहे.

सत्तरच्या दशकात सेल्ये यांना कर्करोगाने गाठले. त्यातून ते सावरले आणि पुन्हा कामाला लागले. १६ ऑक्टोबर १९८२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरातील एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश आले. बहुतेक अल्सर या हेलिकोबॅक्टरमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, हे पुढे स्पष्ट झाले. ताणाने त्रास वाढू शकतो. पण टेन्शनचे दुखणे म्हणून वर्षानुवर्षे सोसलेला अल्सर प्रतिजैविकांनी बरा होऊ लागला.

म्हणून सेल्ये यांच्याकडून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, ताण खरा आहे, त्याला शरीर आहे, आणि त्या यंत्रणेला रोज थांबा द्यायला हवा. पुरेशी झोप, रोजचे चालणे, मन मोकळे करायला एखादे माणूस, आणि न झेपणाऱ्या कामाला वेळीच नकार. एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. दुसरी गोष्ट त्यांच्या चुकीतून शिकायची. छातीत दुखणे, वजन अचानक घटणे, शौचातून रक्त जाणे ही लक्षणे टेन्शनच्या खाती टाकून गप्प बसू नये. आधी तपासणी करून घ्यावी.