कल्पना चावला : एका शनिवारची आठवण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असं समितीने सांगितलं, तेव्हा मला १ फेब्रुवारी २००३ चा शनिवार आठवला. सोसायटी नवीन होती, उंब्रजला सगळ्यांकडे केबल आलेली नव्हती. संध्याकाळी आमच्या टीव्हीसमोर तीन घरची माणसं जमली. कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना टेक्सासवर फुटलं, सातही जण गेले. नववीतली माझी मुलगी रडत होती. बाईमाणसानं एवढ्या लांब जायचंच कशाला, असं मी तिला बोलून गेले.

नंतर शाळेत विज्ञान दिनाला बोलायचं म्हणून मी कल्पनाविषयी वाचत गेले, आणि माझं मलाच वाईट वाटलं.

कल्पनाचा जन्म १९६२ चा, हरियाणातल्या कर्नालचा. वडील फाळणीनंतर इकडे आलेले, टायरच्या धंद्यात उभे राहिलेले. म्हणजे आपल्यासारखंच साधं गाव, साधं घर. कर्नालला फ्लाइंग क्लब होता. डोक्यावरून जाणारी विमानं बघतच ती वाढली. चंदीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिने विमानविद्येची शाखा घेतली. मुली तेव्हा तिकडे फारशा वळत नसत. १९८२ मध्ये पदवी घेऊन ती अमेरिकेला गेली, १९८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि नासात लागली. १९९४ च्या डिसेंबरात तिची अंतराळवीर म्हणून निवड झाली.

१९९७ च्या पहिल्या मोहिमेत तिच्याबरोबर जपानचा आणि युक्रेनचाही अंतराळवीर होता. यानाच्या यांत्रिक हाताने सूर्याचा अभ्यास करणारा स्पार्टन उपग्रह सोडायचं काम कल्पनाकडे होतं. तो सुटला, पण भरकटला. शेवटी दोघा सहकाऱ्यांना यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडावा लागला. सगळ्या जगासमोर बोट तिच्याकडे गेलं. पुढे चौकशी झाली. दोष एकट्या तिचा नव्हता. संगणकाची आज्ञावली आणि ठरवून दिलेली कामाची पद्धत यांतही चुका निघाल्या. एवढं होऊन ती खचली नाही, आणि तिला दुसरी संधी मिळाली. मला तिच्या आयुष्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

ती दुसरी मोहीम १६ जानेवारी २००३ ला निघाली. बरोबर इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन होते. सोळा दिवस, ऐंशीच्या आसपास प्रयोग! कारखान्यात चालतात तशा दोन पाळ्या लावून काम चोवीस तास चाललं. वजनरहित अवस्थेत ज्योत गोळ्यासारखी कशी जळते ते बघितलं. निरनिराळ्या देशांतल्या शाळकरी मुलांनी दिलेले कोळी, मधमाशा, रेशमाचे किडे यांचे प्रयोगही होते. पण उड्डाणाच्या वेळीच टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आपटला होता. परतताना तिथूनच तापलेली हवा आत शिरली. बरीचशी माहिती मात्र आधीच पृथ्वीवर पाठवलेली होती, त्यामुळे त्यांची मेहनत सगळीच वाया गेली नाही.

आपल्या सरकारने हवामानाच्या उपग्रहाला तिचं नाव दिलं, कल्पना-१. पुढे कित्येक पावसाळे त्याने ढगांची चित्रं पाठवली. इथे कृष्णाकाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या लोकांना याहून जवळचं स्मारक कुठलं?

आणि कल्पना गेली कुठेही, तरी कर्नालला विसरली नव्हती. तिच्या शाळेतली मुलं दर वर्षी नासा बघायला जावीत, याची सोय तिने करून ठेवली होती.

माझी मुलगी बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाते म्हणाली, तेव्हा मी अडवलं नाही. स्टँडवर तिला पुण्याच्या गाडीत बसवताना डोळ्यांत पाणी आलं, पण त्या शनिवारचं माझं बोलणं मी तिथेच मागे घेतलं. आज सोसायटीतल्या कितीतरी मुली बाहेरगावी शिकतात. कुणाचं काही चुकलं, नापास झालं, तर लगेच परत ये म्हणू नका. कल्पनाचं पहिलं उड्डाण आठवा.