बाबासाहेब आणि ग्रंथालयाची पुस्तके

चौकातल्या पुतळ्याच्या हातात पुस्तक असतं. आपली लहान मुलंसुद्धा बोट दाखवून सांगतात की ही राज्यघटना. खरंच आहे ते. पण बंधू-भगिनींनो, त्या एका ग्रंथापर्यंत पोचण्याआधी बाबासाहेबांच्या हातांतून जी पुस्तकं गेली, त्यातली कितीतरी त्यांच्या मालकीची नव्हती. कुणी वाचायला दिलेली, कुणी भेट दिलेली, ग्रंथालयातून एका रात्रीपुरती आणलेली. बडोद्याचा प्रसंग आपण सर्वांनी भाषणांतून ऐकलेला आहे. त्यातही अशी पुस्तकं आहेत, पण त्यांच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

सुभेदार रामजी पेन्शनर माणूस. मुंबईत परळच्या चाळीत बिऱ्हाड. भीमरावांना वाचनाचं वेड, आणि तेही शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचंच जास्त. मुलानं पुस्तक मागितलं की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींच्या घरी जायचे. असले तर चार पैसे उसने घ्यायचे, नसले तर लेकीचा दागिना घेऊन मारवाड्याकडे ठेवायचे आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. पेन्शन हातात आली की दागिना सोडवायचा. म्हणजे घरात पुस्तक आलं ते बहिणींच्या अंगावरचं सोनं उतरवून! आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, त्या बहिणींची आठवण मात्र कमी काढतो.

शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजीही येत. एवढा तल्लीन होऊन वाचणारा मुलगा पाहून त्यांनी चौकशी केली, ओळख वाढली, आणि गुरुजी त्याला स्वतःजवळची पुस्तकं देऊ लागले. हे वाचून झालं, आता पुढं काय वाचू, हे विचारायला त्या मुलाला प्रथमच घराबाहेर कुणीतरी मिळालं. पुढं सत्कारसभेत गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. घरी रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे चरित्र वाचल्यावर मुलानं वडिलांना सरळ विचारलं, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची हेटाळणी आहे, ते आम्हाला का वाचायला लावता? बुद्धाची ओळख का करून दिली नाही? रामजीबाबांनी द्रोण आणि कर्णाचं उदाहरण देऊन समजूत घातली, ती मुलाला पटली नाही. एका पुस्तकानं दुसऱ्या पुस्तकावर प्रश्न उभा केला. खरं वाचन इथून सुरू झालं, असं मला वाटतं.

१९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी निवडलेले विषय पाहिले तर छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. परीक्षेला लागतं तेवढंच वाचायचं, असा हिशोब नव्हता. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून सुमारे २००० पुस्तकंही जमवली. १९१७ साली परत येताना पुस्तकांचं सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि ती बोट पाणतीरानं बुडाली. पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली.

आता बडोदा. शिष्यवृत्तीच्या करारानं १० वर्षं नोकरी करायची होती. हे संस्थान वाचनाच्या बाबतीत सगळ्या हिंदुस्थानच्या पुढं होतं. सयाजीरावांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणला होता. राजधानीत मोठं ग्रंथालय, गावोगाव वाचनालयं, आणि जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या. महाराजांची दृष्टी किती लांबची होती पाहा.

आणि अशा त्या शहरात उच्चशिक्षित बाबासाहेबांना राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, बाहेर अडगळीनं भरलेला दालनभर अंधार, वटवाघळांची फडफड. वीज नव्हती. रखवालदार एक लहानसा कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड वीतभर. बोलायला माणूस नाही. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री त्या कंदिलापाशी वाचन. वाचता वाचता आपण एकटे आहोत हे विसरायला होत असे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

अकराव्या दिवसाची सकाळ. जेवण झालेलं, कपडे घातलेले, कचेरीला निघायची वेळ. रात्रीपुरती ग्रंथालयातून आणलेली काही पुस्तकं परत करायची होती, म्हणून ती ते उचलत होते. तेवढ्यात जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. वाटलं, उतारू आले असतील. तर डझनभर उंचेपुरे पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. कोण तू? धर्मशाळा बाटवलीस! संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम वाईट.

मला या प्रसंगात काठ्यांपेक्षा ती पुस्तकंच जास्त दिसतात. मुदतीत पुस्तक परत करायला निघालेला माणूस! त्याच्याइतका कायद्यानं वागणारा नागरिक त्या शहरात दुसरा कोण होता? ग्रंथालयानं त्यांच्यावर विश्वास टाकला होता, घरमालकांनी टाकला नाही. त्या दिवशी ते एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे गेले, दोघांनीही आसरा देण्याचं टाळलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत, संध्याकाळी चार ते रात्री नऊ, कामाठी बागेत बसून राहिले. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचं साहाय्य मिळालं, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथल्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात पुस्तक बाहेर नेता येत नसे, जागेवरच वाचायचं. म्हणून सकाळी दार उघडताना हजर आणि बंद होताना बाहेर. दुपारच्या जेवणाला फाटा. खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. पुस्तक नेता येत नाही तर टिपण न्यायचं, एवढंच! १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो याच बैठकीतून.

नंतर दादरला राजगृह बांधलं तेही मुख्यतः पुस्तकांसाठी. बुडालेल्या संग्रहाची भरपाई त्यांनी कैक पटीनं केली. तरी पुस्तकं आपल्याच घरात कोंडून ठेवली नाहीत. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि त्यांच्या संग्रहातले ग्रंथ तिथल्या ग्रंथालयात गेले. गिरणगावातली, दिवसा नोकरी करणारी पोरं तिथं सकाळच्या वर्गांना बसत, आणि बाबासाहेबांनी वाचलेली पुस्तकं त्यांना हाताळता येत.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र. दिल्लीत अलीपूर रोडचं घर. प्रकृती पार खालावलेली. झोपायच्या खोलीकडं जाताना त्यांनी कपाटातली काही पुस्तकं काढून घेतली आणि बिछान्याजवळच्या टेबलावर ठेवायला लावली. त्यांच्या बुद्ध-धम्मावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागदही तिथंच मागवून घेतले. या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत केळुस्कर गुरुजींची आठवण आहे, त्या सत्कारसभेची, आणि शाळकरी वयात भेट मिळालेल्या त्या चरित्राची.