निष्ठा कोणी कोणाकडे मागावी?

एखाद्या खेळाडूने वा प्रशिक्षकाने अधिक पैशासाठी एक संघ सोडून दुसरा धरला, की निष्ठेच्या नावाने गळा काढण्याची आपल्याकडे रीत आहे. २००८ साली क्रिकेटपटूंचे आणि २०१४ साली कबड्डीपटूंचे जाहीर लिलाव सुरू झाल्यापासून हा सूर अधिकच चढला आहे. लालबाग-परळच्या वस्तीला तर हा प्रश्न नवा नाही. मैदानावरील गुणांच्या बळावर गिरणीत, रेल्वेत किंवा बँकेत चिकटणे, हा येथील तरुणांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग होता. निष्ठा मोठी की पगार, हे विचारणे सोपे आहे. पण निष्ठा मागण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या मोबदल्यात, हे कोणी विचारत नाही. तो विचार करावयाचा तर बाळू पालवणकर यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ते व त्यांचे बंधू खेळ शिकले. पुढे पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा तीन रुपये मिळू लागले. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे जाळी उभारता उभारता साहेबांना चेंडू टाकण्याचे कामही अंगावर पडले. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याची बोली ग्रेग या नामांकित फलंदाजाने केली होती, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तासन्‌तास केलेल्या या चाकरीतून एक अव्वल डावरा फिरकी गोलंदाज घडला, यात शंका नाही. मात्र फलंदाजी करण्याची मुभा त्याला नव्हती. मालकाला हवा होता तेवढाच गुण मालकाने वाढू दिला.

पुण्यातील हिंदूंना साहेबांशी सामना खेळावयाचा होता, तेव्हा बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर खल झाला. विजयाची ओढ अखेर सोवळ्यावर मात करून गेली. पण ती मैदानाच्या रेषेपर्यंतच. चेंडू सर्वांनी हाताळावयाचा, परंतु चहाच्या वेळी बाळूंनी मंडपाबाहेर थांबावयाचे आणि वेगळ्या मातीच्या भांड्यातून प्यावयाचे, अशी ती व्यवस्था होती. ज्या संघाला त्यांचे बळी हवे होते, त्या संघाला त्यांची पंगत नको होती. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

पुण्यात प्लेग पसरल्यावर बाळू मुंबईस आले. हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास प्रथम विरोध झाला, तो कर्णधार कीर्तिकर यांच्या आग्रहाने मावळला. रेल्वेने त्यांना नोकरी दिली व आपल्या संघात खेळवले. आज ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतात, त्याचे हे आरंभीचे रूप होय. पुढे त्यांचे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही हिंदू संघात आले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाची दुर्दशा झाली, पण बाळूंनी एकट्याने सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी टिपले. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी एकूण १७९ बळी घेतले, तेही सरासरी पंधराच्या आसपास धावा देऊन.

अशा खेळाडूला कर्णधारपद मिळावयास किती अवकाश लागावा? ते कधीच मिळाले नाही. १९१० नंतर त्यांचे नाव वारंवार पुढे आले आणि वारंवार मागे पडले. ज्यांना ते पद मिळाले त्या म. द. पै यांनीच हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे मोकळेपणाने मान्य केले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम हे दोघे बंधू निषेधादाखल बाजूला झाले. लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले, की पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तिघांनाही परत बोलवावे लागले व बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या दोघा भावांनी निवड समितीशी निष्ठा राखली असती तर हे घडले नसते. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

बाळूंच्या निष्ठेची शेवटची कसोटी मैदानाबाहेर लागली, आणि ती लालबागच्या परिसरात लागली. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला होता. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसने त्यांनाच उभे केले. परळच्या पोयबावडीतील चाळीत राहिलेल्या आणि तरुणपणी बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान बाळगलेल्या नेत्याशी ही लढत होती. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. बाळूंनी आपल्याच समाजाच्या नेत्याविरुद्ध उभे राहावे, हे अनेकांना रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. परंतु सवर्ण समाजाची मने भांडून नव्हे, तर सोबत राहून पालटतील, या श्रद्धेवर त्यांचे सारे आयुष्य उभे होते. ती श्रद्धा बरोबर होती की भाबडी, यावर मतभेद राहील. ती विकाऊ मात्र नव्हती. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून निघणारा बोध सरळ आहे. बाळूंनी पगारासाठी नोकऱ्या बदलल्या, म्हणून कोणाचे काही बिघडले नाही. उलट संघासाठी त्यांनी जे दिले त्याची परतफेड संघाने केली नाही, हाच खरा द्रोह होता. निष्ठा हे दोन्ही पक्षांवरचे ऋण आहे. जो संघ खेळाडूला गुणांनुसार स्थान देतो, पडत्या काळात त्याला सांभाळतो, त्यानेच निष्ठेची अपेक्षा करावी. खेळाडूंना एका हंगामापुरते विकत घेणाऱ्या आणि प्रशिक्षकाला दोन पराभवांनंतर घरी धाडणाऱ्या मालकांना तो अधिकार नाही. लालबाग-परळच्या मैदानांतून आज एखादा तरुण अधिक मोबदल्याच्या संघाकडे निघाला असेल, तर त्याला कृतघ्न म्हणण्यापूर्वी त्याच्या जुन्या संघाने त्याचे काय केले, याची चौकशी आधी व्हावी.