त्रिरश्मीवरील शक दाता : उषवदात

मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत घोडे व मेंढरे राखीत फिरणाऱ्या लोकांचा एक वंशज नाशिकच्या डोंगरात भिक्खूंसाठी लेणे कोरवितो, ही घटना आम्हांस दख्खनच्या इतिहासात विलक्षण वाटते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शिओंग्नूंनी युएचींना हुसकावले आणि युएचींनी शकांना रेटले. चारणीच्या शोधात निघालेले शक पुढे सीस्तान व सिंधमार्गे पश्चिम भारतात आले. क्षहरात कुळातील क्षत्रप नहपानाने सातवाहनांकडून नाशिक, जुन्नर व कार्ले हा मुलूख जिंकला. सातवाहनांचे पैठण आपल्या जिल्ह्यातलेच.

दिनिकाचा पुत्र उषवदात हा या नहपानाचा जावई. स्वतःस तो शक म्हणवितो. तो लढवय्या होता. उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी मोहिमेवर गेला आणि तेथून पुष्करास स्नानासाठी वळला. ब्राह्मणांनाही त्याने गाई व गावे दिली. तापी, दमण आदी नद्यांवर नावा ठेवून त्याने वाटसरूंना विनामूल्य उतार दिला.

त्याचे खरे मोठेपण आम्हांस दिसते ते त्रिरश्मी पर्वतावरील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, दानलेखात. वर्ष ४२ मध्ये त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेवली. मुद्दलास हात लावायचा नाही, केवळ व्याज वापरायचे. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. उरलेल्या १००० वर व्याज पाऊण टक्का. हा करार नगरसभेत ऐकवून नोंदविला गेला. भटक्यांच्या वंशजाने विणकरांच्या मागावर एवढा विश्वास टाकावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पत्नी दक्षमित्रेनेही भिक्खूंना एक खोली दान दिली.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. १९०६ मध्ये जोगळटेंभीस सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला आहे. आपल्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी, विजयी छावणीतून, त्याने उषवदाताच्या ताब्यातील २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्याच भिक्खूंना दिले. शेताचा धनी बदलला, दान घेणारा संघ तोच राहिला. मात्र सहा वर्षांनी ते गाव ओसाड आणि शेत पडीक असल्याचे आढळले, तेव्हा राजा व राजमाता यांनी त्याऐवजी नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने जमीन संघास दिली.