चिमणीच्या पाठीमागे

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात बिरसा नावाचा तालुका आहे. मलाजखंडची तांब्याची प्रचंड उघडी खाण याच तालुक्यात, आणि कान्हाचे सालवृक्षांचे अरण्यही तेथून दूर नाही. खाणीत कायमची नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. तोच मुलगा शेजारच्या अरण्यात बाराशिंगे मोजावयास निघाला तर घरची माणसे चिंतेत पडतात. खाण आणि अरण्य यांचा हा शेजार गोमंतकीयांना परका नाही, आणि ही चिंताही परकी नाही. आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र घेऊन मुले-मुली बाहेर पडतात. त्यांतल्या ज्याला रानाची ओढ लागली आहे, त्याला आईबाप एकच प्रश्न विचारतात : पाखरे पाहून पोट कसे भरणार? प्रश्न खोटा नाही. ज्या माणसाला तो ऐन तारुण्यात पदोपदी छळीत राहिला, त्या डॉ. सालिम अलींचे चरित्र म्हणूनच आज आठवावेसे वाटते.

सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी आणि निपुत्रिक मामीने या पोरक्या मुलांना वाढविले. खेळातल्या छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्या वयातला उद्योग. एके दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोण, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचे मानद सचिव मिलार्डसाहेब यांनी पक्षी ओळखला. पण तेवढ्यावर न थांबता पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे मुलापुढे उघडली, पुस्तके दिली, पक्ष्याची कातडी टिकवून ठेवण्याची विद्या शिकविली. एका मोठ्या माणसाने एका पोराच्या शंकेला दिलेला तेवढा वेळ, एवढेच या चरित्राचे भांडवल.

पुढचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयाचे पहिले वर्षच जड गेले. शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे घरच्या वुल्फ्रामच्या खाणीचा व लाकडाचा व्यवहार पाहण्यास गेले. खाण सांभाळावयास गेलेला हा तरुण भोवतालच्या रानातच रमला. १९१७ मध्ये परत आल्यावर हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकण्याचा प्रयत्न झाला; परंतु सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखून प्राणिशास्त्राकडे वळविले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. पदवी मात्र हाती नव्हती, आणि झूऑलॉजिकल सर्व्हेमधील पक्षितज्ज्ञाची जागा नेमकी त्या कारणाने हुकली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांतच रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. श्ट्रेझमान यांच्याकडे शास्त्रशुद्ध अभ्यासासाठी गेले. १९३० मध्ये विद्या घेऊन परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! तिशी ओलांडलेला, विवाहित, बर्लिनला शिकून आलेला आणि बेकार असा हा गृहस्थ मग पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठी जाऊन राहिला.

आमच्या किनारपट्टीने या विज्ञानाला काय दिले, ते येथे ध्यानात येते. किहीमला घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसऱ्या कोणी ती पाहून न पाहिल्यासारखी केली असती. सालिम अली तासन् तास तेथे बसून राहिले, एकेका खोप्याची नोंद करीत राहिले. आपल्या भाषेने या पाखराला गृहकृत्यदक्ष बाईचे नाव दिले आहे. पण खोपा विणतो तो नर, हे रानात वावरणारा जाणतोच. त्यापुढचे गुपित अलींनी उलगडले. नर अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीने पसंत केला म्हणजे तो पुरा होतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणावयास घेतो. नोकरी गेलेल्या माणसाने कोकणातल्या एका खेड्यात लावलेला हा शोध जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी मानला.

यानंतर त्यांनी एक युक्ती काढली. पक्ष्यांची पाहणी करवून घ्या, मला वेतन नको, फक्त तळाचा व प्रवासाचा खर्च द्या, असा प्रस्ताव त्यांनी संस्थानांपुढे ठेवला. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी एकामागून एक पाहणी झाली. तंबूतला संसार तेहमिनाबाईंनी सांभाळला. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अकस्मात गेल्या. या आघातानंतर ते बहिणीकडे राहू लागले, आणि १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. भरतपूरची पाणथळ भूमी राखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी रॉबर्ट ग्रब यांच्याबरोबर त्यांनी गोव्याच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी निवर्तले. पुढल्याच वर्षी मांडवीतल्या चोडण बेटावरच्या खारफुटीचे जे अभयारण्य झाले, त्याला त्यांचे नाव मिळाले.

या चरित्राचा सोपा बोध असा काढता येईल की, निष्ठेने फुकट राबा, फळ आपोआप मिळेल. तो बोध आम्हांस मान्य नाही. अलींना बिनपगारी राबता आले, कारण पाठीशी तय्यबजींसारखे सधन कुटुंब होते आणि वणवण स्वीकारणारी पत्नी होती. पेडण्याच्या शेतकऱ्याच्या मुलीला किंवा बिरशाच्या बैगा तरुणाला हे आधार कोठले? स्वयंसेवा पवित्र खरी; परंतु भाकरीची सोय नसलेल्याला ती बंदच राहते, आणि मग रानाचे विज्ञान हा सुखवस्तू घरांचा छंद होऊन बसतो.

वस्तुतः आज दारे अधिक आहेत. डेहराडूनला १९८२ पासून वन्यजीव संस्था आहे, मुंबईची सोसायटी आहे, आणि २००६ पासून दर चार वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते. कान्हाच्या अरण्यात १९६३ मध्ये जॉर्ज शालर नावाचा तिशीतला अमेरिकन येऊन हरिणांचा व वाघांचा अभ्यास करून गेला. त्याच कान्हात १९७० मध्ये कठीण भूमीवरचे बाराशिंगे अवघे ६६ उरले होते. गवत राखून, कळप जपून, वर्षानुवर्षे मोजदाद करून ही जात वाचविली गेली. हे काम भाषणांनी झाले नाही. ते नोंदवही घेऊन हिंडणाऱ्यांनी आणि पायवाटा तुडविणाऱ्या वनरक्षकांनी केले. त्यांना वेळेवर वेतन, विमा आणि निवारा मिळतो की नाही, यावर अरण्याचे भवितव्य ठरते.

म्हणून सरकारला आमचे सांगणे आहे की, शिकाऊ विद्यार्थ्यांना रानातल्या कामाचे विद्यावेतन द्या, आणि रानालगतच्या गावांतील मुलांना त्यात पहिला मान द्या. आईबापांना सांगणे एवढेच की, मुलाला अडवू नका, पण पदवी पुरी करावयास अवश्य लावा. तिच्या अभावी अलींची एक जागा गेली, हे विसरू नये. आणि विद्यार्थ्यांनो, कान्हाचे बोलावणे येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावरच्या माडाला लोंबणारे खोपे मोजा, तारीख घाला, रोज लिहा. किहीमला तेवढेच तर केले होते.